व्हर्डाच्या नावाने बोललेली बाई

१

"तुम्ही रोख कशाला भरताय?" दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "तुमच्या मिस्टरांचा सरकारी विमा आहे की. तुमचाही आहे."

व्हर्डा लँब्राइटने मुठीतल्या नोटा तशाच पुढे धरून ठेवल्या. "आमचा नसेल तो, बाळा. दुसऱ्या कुणाचा असेल. आमच्यात एकाच नावाची माणसं पुष्कळ."

"ऑर्वा लँब्राइट. जन्म चौदा मार्च. हेच ना ते?" मुलीने मान उंचावून चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. ऑर्वा तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसला. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून त्याचं अर्धंच तोंड हसतं, आणि बोलत तर मुळीच नाही. "निवृत्तीचे पैसे चालू असले की पासष्टाव्या वर्षी विमा आपोआप लागतो. त्यांना नोकरीचे मिळतात, तुम्हाला त्यांची बायको म्हणून त्याच्या निम्मे. कधीपासून चालू आहे की हे."

"कोण घेतं?"

"तुम्हीच की, मॅडम."

मी खुर्चीच्या मुठी धरून मागे उभी होते. व्हर्डाचे कान टोपीच्या कडेपर्यंत लाल झालेले मला दिसले. या आमिश लोकांना मी एकोणीस वर्षं माझ्या व्हॅनमधून ने-आण करते. घोडागाडीने जाता येणार नाही तिथे मी. आमिश नसलेल्या प्रत्येकाला ते इंग्रज म्हणतात, तशी मीही त्यांची इंग्रज. इंग्लंड काही मी जन्मात पाहिलेलं नाही. पण एवढं मला पक्कं ठाऊक की ही माणसं सरकारची दमडी घेत नाहीत. म्हातारपणी पोरं बघतात, पोरं कमी पडली तर मंडळी बघते. ऑर्वाने बावीस वर्षं बाहेरच्या कारखान्यात फिरत्या घरांच्या गाड्या जोडल्या. पगारातून सरकारने जे कापलं ते गेलं. ते परत मागायचं म्हणजे देवावर आणि शेजाऱ्यावर भरवसा नाही असं चारचौघांत सांगायचं.

भिंतीकडच्या खुर्चीत सुवीला विणत बसली होती. बिशप पेरी श्रॉकची बहीण. तिच्या सुया थांबल्या.

मग तिने लोकर गुंडाळली, पिशवीत टाकली, आणि आपला नंबर यायच्या आत उठून गेली.

२

बिशप पेरी दुसऱ्याच दिवशी आला. वाईट माणूस नाही तो. हॅट काढून, ती गुडघ्यावर ठेवून बसला, आणि घसा साफ करण्यात बराच वेळ घालवला.

"व्हर्डा, येत्या रविवारी मंडळीची बैठक. त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रभूभोजन. कुणाच्याही मनात गाठ असली तर भोजन होत नाही, हे तुला माहीतच आहे."

"माहीत आहे."

"तू गुडघे टेकून कबूल कर. सहा आठवडे बाहेर राहशील, मग आम्ही हात धरून आत घेऊ. नाही केलंस तर बाहेरच राहशील."

"जे मी केलं नाही ते कसं कबूल करू?"

"सरकारी कागद म्हणतो केलंस."

"सरकारी कागदावर तुम्ही कधीपासून विश्वास ठेवायला लागलात?"

पेरी हॅटची कड चाचपत राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. बाहेरच्या माणसाने निघून जायला हवं होतं, पण मला कुणी जा म्हणालं नाही.

व्हर्डा ऑर्वासमोर बसून त्याला मक्याचं खिमट भरवत होती. दवाखान्यात नर्सने भरवून पाहिलं होतं, घरी लेकीने पाहिलं होतं. ऑर्वा दात आवळून धरतो. चमचा व्हर्डाच्या हातात असला तरच तोंड उघडतं. का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

"वाळीत टाकलेल्याच्या हातून कुणी काही घ्यायचं नाही," व्हर्डा म्हणाली. "मग याने कुणाच्या हातून खायचं, पेरी?"

"मंडळी काहीतरी सोय करेल."

"मंडळीने करून पाहिली सोय. हा चार दिवस उपाशी होता."

बिशप उठला. दारात थबकून म्हणाला, "रविवारपर्यंत विचार कर." घोडागाडीचा आवाज विरल्यावर व्हर्डाने ऑर्वाची हनुवटी पुसली आणि माझ्याकडे वळली.

"जोलीन, तुला इंग्रजांची ती निवृत्तीच्या पैशांची कचेरी माहीत आहे ना? मला घेऊन चल. मी काय काय बोलले ते मला ऐकायचंय."

३

माझ्या गाडीत बसणाऱ्याला मी आधी एकच विचारते: कुणाच्या वेळेने? उन्हाळा लागला की सरकार घड्याळं तासभर पुढे ढकलतं. व्हर्डाकडची घड्याळं देवाने दिली तशीच चालतात. तिला ती सावकाश वेळ म्हणते. कारखान्यात जाणारे आणि दुकान चालवणारे घाईची वेळ पाळतात. एकाच रस्त्यावर दोन वेळा. सुरुवातीला मी कित्येकांच्या अंगणात तासतासभर डुलक्या काढल्यात.

कचेरीत ट्रेंट नावाचा माणूस भेटला. टक्कल, दंडावर बोटीचं गोंदण, बोलायची हौस. व्हर्डाने विसराळू म्हातारीचं सोंग घेतलं. ते तिला इतकं छान जमलं की मी बघतच राहिले.

"बाळा, मी अर्ज केला तेव्हा काय सांगितलं होतं रे? डोकं चालत नाही आता."

"सगळं बरोबर सांगितलंत की," ट्रेंट म्हणाला. "आधी मिस्टरांचा अर्ज झाला. तसंच लागतं. नवऱ्याचे सुरू झाले की मग बायको त्याच्या खात्यावर निम्मे मागू शकते. पण मागायचे तिने स्वतः. नवरा तिच्या वतीने हो म्हणू शकत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी वेगळा बोललो."

"तो बोलला? माझा नवरा?"

"शांतपणे. थोडं थांबून थांबून. जुलै महिना होता."

ऑर्वाला झटका आला एप्रिलमध्ये. मी तोंड उघडणार तेवढ्यात व्हर्डाने माझ्या कोपराला चिमटा घेतला. चौकशी लागली की पोलीस येणार, आणि ही माणसं कुणाला पोलिसांत देत नाहीत, चोरालाही नाही.

"तुला बरं आठवतं सगळं," मी म्हटलं.

"यांचं आठवणारच. फोन मीच करायचा होता, तुमच्या चौकातल्या त्या सामाईक खोपटातल्या फोनवर. उन्हाळ्यात तुमच्यातले निम्मे लोक तासभर उशिरा येतात. मी फोन वाजवत बसतो, आणि तिकडे पलीकडे गाय हंबरते. ह्या बाईंनी पहिल्या घंटीला उचलला. जेवायच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगितलं, आज एक आमिश बाई वेळेवर भेटली."

"बोलणं आमच्यासारखंच होतं?" व्हर्डाने विचारलं.

"आत्ता बोलताय तसंच. फक्त आईचं माहेरचं नाव विचारलं तेव्हा तुम्ही थांबा म्हणालात. पानं उलटल्याचा आवाज आला, मग सांगितलंत."

व्हर्डा हसली. "म्हातारपण."

"दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी जमा होतात," ट्रेंट तिला समजावत म्हणाला. "मिस्टरांचा जन्म चौदा तारखेचा ना, त्यावरून वार ठरतो. तुमचेही त्याच दिवशी. विसरू नका हं."

गाडीत बसल्यावर व्हर्डाने सोंग उतरवलं.

"माझ्या आईचं नाव," ती म्हणाली, "मला पुस्तकात बघावं लागतं होय?"

४

चौकातला तो फोन सहा घरांचा. घरात फोन चालत नाही, म्हणून शेताच्या कडेला संडासाएवढं लाकडी खोपटं. त्यात एक स्टूल, आणि छताशी गांधीलमाश्या.

पहिला संशय सगळ्यांनी सुनेवर घेतला. व्हर्डाचा मुलगा बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच पंथ सोडून गेला, ट्रक चालवतो. त्याची बायको क्रिस्टल गावात केस कापायचं दुकान चालवते. मी गेले तेव्हा एका म्हातारीच्या डोक्याला चिमटे लावत होती.

"माझ्यावर आलं का शेवटी? मला वाटलंच. म्हातारीला मी नाताळात तोंडावर सांगितलं होतं, सरकार तुमचेच पैसे तुम्हाला द्यायला बसलंय आणि तुम्ही पायाने ढकलताय. तेव्हा तिने मला काय दिलं माहीत आहे? बिटाच्या लोणच्याची बरणी."

"मग अर्ज तू केलास?"

"करायचा असता तर इथे खुर्चीत बसून केला असता. माझ्या खिशात फोन आहे, जोलीन. त्या माश्यांच्या खोपटात मी कशाला मरायला जाऊ? आणि त्यांच्यासारखं बोलायला मला जमतं का? नवरा झोपेत त्या भाषेत बडबडतो, त्यातलं मला फक्त 'दूध' कळतं."

तिची बोटं थांबली नाहीत, पण आवाज खाली आला. "खरंच वाळीत टाकतील तिला? बापाला कोण भरवणार?"

लेक लेनाचं अवघड होतं. तिचा नवरा फ्रीमन कारखान्यात जातो, म्हणजे घरात घाईची वेळ. फोन तिच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. मी गेले तेव्हा ती धुणं वाळत घालत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"तू केलंस का, लेना?"

"धाडस असतं तर केलं असतं." तिने चिमटा दोरीवर असा दाबला की तो तुटला. "माझा बाप बावीस वर्षं राबला. आई दर शुक्रवारी डीकनच्या घरी फुकट राबायला जाते, मदत मिळते त्याचे उपकार फेडायला. मला बघवत नाही. रविवारनंतर मी तिच्या ताटात जेवू शकणार नाही, आणि तू मला विचारतेस."

"विचारावं लागतं. त्या बाईने तुझ्या आजीचं माहेरचं नाव पुस्तकात बघून सांगितलं."

"कुठल्या?"

"तुमच्या सगळ्यांच्या घरी असतं ते. कोण कुणाचा, कधी जन्मला, कधी लग्न झालं."

लेनाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आजीने मला वाढवलं, जोलीन. माझं मधलं नाव तिच्या माहेरचंच आहे."

मी गाडीकडे निघाले. मागून तिचा आवाज आला.

"म्हणजे जी कुणी होती ती आमच्या घरातली नाही. पण आमच्यातलीच आहे."

५

शुक्रवारी मी व्हर्डाला डीकनच्या घरी सोडलं आणि आणायला मुद्दाम लवकर गेले. डीकन म्हणजे मंडळीची दानपेटी सांभाळणारा. कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं कोठार जळालं, की दवाखान्याची बिलं, कागद, वाटाघाटी, सगळं त्याच्या गळ्यात. त्याला कुणी पगार देत नाही, आणि त्याने ते मागूनही घेतलेलं नसतं. चिठ्ठी निघते, ज्याच्या हाती लागेल तो मरेपर्यंत डीकन. हार्ली एशच्या हाती ती लागली तेव्हा तो रडला होता म्हणतात. त्याचं घोड्याच्या साजाचं दुकान, प्रवासी लोक येऊन पट्टे घेऊन जातात.

त्याची बायको इर्मा आणि व्हर्डा सफरचंदं सोलत होत्या. इर्मा नाजूक, हात भराभर चालवणारी.

"ये जोलीन, बस. कॉफी घे. व्हर्डा, तू आता पुरे कर गं, पाठ मोडेल."

"तुमच्या हार्लीने आमच्यासाठी जे केलंय," व्हर्डा म्हणाली, "त्यापुढे सफरचंदं काय."

इर्माची सुरी घसरली. तिने बोट तोंडात घातलं.

"इर्मा, तुला काय वाटतं," मी विचारलं, "कुणी केलं असेल हे?"

"मला काय माहीत?" बोट तोंडातच. "कुणीतरी ज्याला गरज असेल."

"गरज व्हर्डाला आहे. पैसे कुणाला मिळतात?"

ती उठून बोट धुवायला गेली. तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ माझ्या मनगटाशी जुळत होतं. पण तसं ते दुकानदाराच्या घरी जुळायलाच हवं. नुसत्या घड्याळावरून माणसाला चोर म्हणता येत नाही.

परतीच्या वाटेवर व्हर्डा मांडीवरची सालं झटकत होती. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला वाळीत टाकलं तरी मंडळी चांगलीच आहे गं. दोन वर्षं मदतीचा एक महिना चुकला नाही. मी मागितलं नाही तरी जानेवारीत हार्लीने आपणहून थोडं वाढवून दिलं."

"दोन्ही जानेवारीत?"

"दोन्ही. नवीन वर्षाचं म्हणून असेल."

"आणि येतो कधी?"

"महिन्याच्या मध्यावर. गुरुवारी. पाऊस असो, बर्फ असो, गुरुवारी. अगदी एकेक डॉलरच्या सुट्ट्या नोटांसकट हातावर ठेवतो."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून येणाऱ्या घोडागाडीवाल्याने मला वळसा घातला आणि हात केला.

"व्हर्डा, मंडळीत दान कधी गोळा होतं?"

"प्रभूभोजनाला. वर्षातून दोनदा." तिने माझ्याकडे पाहिलं. "का?"

"दान देणारा गोल नोट देतो. सुटे डॉलर जोडून दान कोण देतं?"

 शेतात मक्याची वाळलेली ताटं वाऱ्याने खुळखुळत होती. मग तिने हळूच विचारलं, "बुधवारी जमा होतात म्हणाला ना तो पोरगा?"

६

त्यांच्यात रीत अशी की भावाने चूक केली तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं. चारचौघांत नंतर. व्हर्डा मला घेऊन गेली, म्हणाली, "तू इंग्रज, तुला मोजायचं नाही."

हार्ली साजाच्या दुकानात एकटाच होता. चामड्याचा वास, भिंतीला टांगलेले लगाम. आम्हाला बघून त्याने हातातला टोचा खाली ठेवला. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं.

व्हर्डा म्हणाली, "जोलीन, सांग."

मी सांगितलं. "अर्ज करायला ऑर्वाचा सरकारी नंबर लागतो. तो दवाखान्याच्या कागदांवर असतो, आणि कागद तुझ्याकडे होते. जुलैत ऑर्वा बोलू शकत नव्हता, तरी कचेरीला एक पुरुष त्याच्या नावाने बोलला. दुसऱ्या दिवशी एक बाई व्हर्डाच्या नावाने. ती तुमच्यासारखं बोलत होती, म्हणून क्रिस्टल नव्हे. तिला व्हर्डाच्या आईचं नाव पुस्तकात शोधावं लागलं, म्हणून लेना नव्हे. ती घाईच्या वेळेने चालणारी होती, म्हणून व्हर्डा नव्हे. अशा बायका या रस्त्यावर आणखीही असतील, हार्ली. पण पैसे जमा होतात बुधवारी आणि तू येतोस गुरुवारी. सरकार दर जानेवारीत वाढ देतं, आणि तूही देतोस. चोराने काहीतरी ठेवून घेतलं असतं. तू सुटे डॉलरसुद्धा ठेवले नाहीस. म्हणून सापडलास."

हार्लीने टोचा पुन्हा उचलला, बघितला, ठेवला.

"पेटी रिकामी होती," तो म्हणाला. "पेरीचा नातू सातव्या महिन्यात जन्मला. काचेच्या पेटीत ठेवला होता त्याला. त्याच्या बिलात सगळं गेलं. मग महिन्याभरात ऑर्वा पडला."

"मग तसं सांगायचं," व्हर्डा म्हणाली.

"कुणाला? पेरीला? की नातवाने तुझ्या ऑर्वाचं खाल्लं? आणि तुला काय सांगू, मंडळीकडे काही नाही म्हणून? मीच बाकावर उभा राहून म्हणालो होतो, आपण आपल्या माणसाला उघडं पडू देत नाही." त्याने कपाळ चोळलं. "टपालाचा पत्ता माझा दिला, पैसे काढायचं कार्ड इथेच आलं. एकदोन महिन्यांपुरतं करायचं होतं. इर्मा नको म्हणत होती. मी तिला स्टुलावर बसवलं. ती फोनवर 'मी व्हर्डा' म्हणाली आणि नंतर आठवडाभर जेवली नाही."

"आणि मी," व्हर्डा म्हणाली, "दोन वर्षं तुझ्याकडे येऊन तिच्या बरण्या धुतल्या. माझ्याच नवऱ्याच्या पैशाचे उपकार फेडायला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "येऊ कशाला दिलंस रे? येऊ नको म्हणायचंस."

"नको म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस का म्हणून."

दारात इर्मा येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. बोटाला चिंधी बांधलेली.

"आता ते बंद करा," व्हर्डा म्हणाली.

"बंद केलं तर पुढच्या महिन्यात तुला काय देऊ?"

 व्हर्डाने शाल सारखी केली. "दुसऱ्याचं पाप आपल्याला कबूल करता येत नाही, हार्ली. नाहीतर मी केलं असतं, तुझ्यापेक्षा लवकर. तूच सांगायचंस."

"रविवारी," तो म्हणाला. "मी उभा राहीन."

७

रविवारी बैठक बाँट्रेगरांच्या कोठारात होती. मी ऑर्वाला गाडीत घेऊन अक्रोडाच्या झाडाखाली थांबले. प्रार्थना संपली, मुलं बाहेर पळाली, मग दार आतून लावलं गेलं. मंडळीची बैठक बाहेरच्याने ऐकायची नसते. ऑर्वा दाराकडे टक लावून होता.

दार उघडलं तेव्हा बायका आधी जेवणाची टेबलं मांडायला लागल्या. पाव, शेंगदाण्याचं गोड लोणी, बीट, लोणची. लांब टेबलाच्या शेवटी, हातभर अंतर सोडून, कुणीतरी एक छोटं टेबल आणून ठेवलं. एक बशी, एक कप.

व्हर्डा जाऊन त्या टेबलाशी बसली. हार्ली लांबच्या टेबलावर पुरुषांत बसला होता, मान खाली घालून.

परतताना आम्ही मोठं वळण ओलांडलं. मग राहवलं नाही.

"तो उभा राहिला नाही?"

"नाही. मी वाट बघितली. पेरीने दोनदा विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मी हार्लीकडे बघत बसले, शेजारणीने मला कोपर मारलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "मग पेरीने मला विचारलं, पैसे तुझ्या घरात आले का. आले म्हटलं. तू खाल्लेस का. खाल्ले म्हटलं. मग गुडघे टेकले. यात खोटं कुठे बोलले?"

"तू त्याचं नाव घ्यायचं होतंस."

"त्याने कबूल केलं असतं तर ती कबुली झाली असती. मी सांगितलं असतं तर ती चहाडी." मग म्हणाली, "आणि जोलीन, उद्या कुणाचं पोर काचेच्या पेटीत असलं तर त्याच्या आईने कुणाच्या दारात जायचं? दानपेटीच खोटी निघाली म्हटल्यावर?"

"म्हणून तू?"

"मग काय. कुणीतरी हवंच होतं. प्रभूभोजन आहे ना." ती हसली, आणि ते हसू ऑर्वाच्या हसण्यासारखंच अर्धं होतं.

सोमवारी मंडळीने सोय केली. गरजवंताकडे बघायचं काम डीकनच्या घरचं, म्हणून ऑर्वाला दोन्ही वेळा भरवायला बिशपने इर्माला नेमलं. मीच तिला गाडीतून घेऊन गेले. सगळ्या वाटभर ती मांडीवरच्या भांड्याचं झाकण दाबून धरून बसली होती.

व्हर्डाने दार उघडलं आणि बाजूला झाली. भिंतीशी उभी राहिली. इर्मा ऑर्वासमोर बसली, चमचा भरला, पुढे केला.

ऑर्वाने दात आवळले.

"घे ना, ऑर्वा," इर्मा म्हणाली. "थोडंसं. कोंबडीच्या रश्श्यात शेवया आहेत."

चमचा ओठांना लागला. रस्सा हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. इर्माने पुसलं, पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चमचा दातांवर नुसता आपटला. तिने वर बघितलं.

"व्हर्डा, हा माझ्या हातून घेत नाही."

"मी व्हर्डा आहे म्हणून सांग त्याला," व्हर्डा भिंतीशी उभी राहूनच म्हणाली. "सरकारने ऐकलं. तो ऐकतो का बघ."

 इर्माने चमचा भांड्यात ठेवला, भांडं टेबलावर ठेवलं, आणि खुर्ची मागे न सारताच कशीबशी उठली. दारापर्यंत गेली. तिथून वळून पाहिलं असतं आणि व्हर्डाच भरवते हे पेरीला सांगितलं असतं, तर तिच्या सहा आठवड्यांचे किती झाले असते देव जाणे. तिने शाल डोळ्यांपर्यंत ओढली आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

व्हर्डा रिकाम्या खुर्चीत बसली. भांड्याला पालथा हात लावून बघितला.

"गार झालंय," ती ऑर्वाला म्हणाली, आणि चमचा उचलला.